चौथ्या मजल्यावरचा मोजा

नाक मुरडू नका, मित्रांनो. मोजा म्हटलं की लोक आधी वासाचाच विचार करतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी उभ्या जन्मात जेमतेम एक हिवाळा पायात राहिलो. बाकीचं बहुतेक आयुष्य मी न्यूयॉर्कमधल्या एका चौथ्या मजल्याच्या खिडकीशी, खिळ्याला लटकून काढलं. करड्या लोकरीचा, काठाला लाल पट्टा असलेला, जुना आणि एकटा असा मी मोजा आहे. माझा जोडीदार बोटीच्या इंजिनघरात तेल पुसता पुसता संपला, असं मला नंतर कळलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण आमची फारशी ओळख नव्हती.

मला विणलं गुड्रूनबाईंनी. त्या मूळच्या नॉर्वेच्या, ब्रुकलिनमध्ये बे रिज भागात राहायच्या. त्यांचे यजमान बोटीवर होते आणि बोटीवरच गेले. मुलगा आयनार, तोही मालवाहू बोटीवरच नोकरीला लागला. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मुलगा धडधाकट परत आला म्हणून बाईंनी त्याच्यासाठी जाड लोकरीचे मोजे विणायला घेतले. विणताना त्या पुटपुटत असायच्या, कधी देवाशी, कधी नसलेल्या नवऱ्याशी. त्यांचा हात इतका घट्ट होता की आमच्यातून वारासुद्धा परवानगी काढून जायचा.

आयनारचा एक जिवलग मित्र होता, वॉरन पेल्टन. वॉरन कादंबरीकार होता, म्हणजे त्या दिवसांत तो कादंबरी लिहिणार असं सगळ्यांना सांगत होता. त्याची बायको लोइस एका कचेरीत टायपिस्टचं काम करायची आणि घर तिच्या पगारावर चालायचं. इमारतीचं खालचं दार कायम कुलपात असे आणि घंटी नव्हती. पाहुण्यानं रस्त्यावरून हाक मारायची आणि वरच्यानं खिडकीतून किल्ली टाकायची, ही त्या भागातली सरसकट रीत. पण वॉरनचा नेम असा दिव्य, की एकदा किल्ली बर्फात रुतली, एकदा दुधाच्या गाडीत पडून गावभर फिरून आली, आणि एकदा सरळ आयनारच्या कपाळावर बसली.

त्या दिवशी आयनार कपाळ चोळतच वर आला. खुर्चीत बसला, एक बूट काढला आणि मला पायातून ओढून वॉरनच्या हातात दिलं.

"हे घे. किल्ली यात घालून टाकत जा."

"अरे, वास येतोय याला," वॉरन म्हणाला.

"येऊ दे की. कपाळ फुटण्यापेक्षा बरा."

लोइस हसत होती. "आणि तू काय, एका पायात मोजा घालून घरी जाणार? आई विचारेल ना."

"सांगेन तिला, दुसऱ्याला नोकरी लागली."

तर मित्रांनो, अशी मला नोकरी लागली. लोइसनं मला कोमट पाण्यात धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं, आणि खिडकीशेजारी खिळा ठोकून त्यावर टांगलं. तेव्हापासून खालून हाक आली की वॉरन खिडकी वर ढकलायचा, बाहेर वाकून "खाली कोण आहे?" असं ओरडायचा, आणि मी पोटात किल्ली घेऊन झेप घ्यायचो. त्या झेपेचं सुख मी तुम्हांला कसं सांगू? पायातल्या मोज्यांच्या नशिबी जमीन असते. मला रोज आभाळ मिळायचं.

आणि खाली झेलणारे हात तरी किती तऱ्हेचे! युद्धानंतर सगळा देश नवं घर, नवी मोटार आणि कापलेली हिरवळ यांच्या मागे लागला होता. आमच्याकडे येणाऱ्यांना यातलं काहीच नको होतं. काय हवं होतं ते मात्र त्यांना धड सांगता येत नव्हतं, म्हणून ते तासन्‌तास बोलायचे. सॉल नावाचा दाढीवाला कवी होता, तो खालून हाकसुद्धा कवितेत मारायचा आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा. चित्रं काढणारी रेनी दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची. देशाच्या दुसऱ्या टोकाहून फुकटात मोटारी थांबवत आलेली पोरं असायची, त्यांचं सगळं सामान एका कागदी पिशवीत मावायचं. लोइस मोठ्या पातेल्यात शेवया उकडायची, त्यावर टोमॅटोचा रस्सा ओतायची आणि पातेलं जमिनीवर मधोमध ठेवायची. स्वस्तातली लाल दारू, जॅझच्या तबकड्या, आणि भांडणं! देव आहे का, यमक हवं का, आणि उरलेला पाव कोणी खाल्ला, या तिन्ही विषयांवर सारख्याच हिरिरीनं भांडणं व्हायची.

आयनारची हाक सगळ्यांत वेगळी होती. तो तोंडाशी दोन्ही हात धरून, धुक्यात दुसऱ्या बोटीला साद घालावी तशी लांबलचक साद घालायचा, "ओऽऽ, चौथाऽऽ मजलाऽऽ!" ती ऐकली की वॉरनचा चेहरा उजळायचा, तो खुर्ची मागे लोटून खिडकीकडे धावायचा. इतरांसाठी तो चालत यायचा, हे मी खिळ्यावरून पाहिलेलं आहे.

वॉरन स्वभावानं अबोल होता. सगळे नाचत, रडत, जाहीरनामे लिहीत असायचे, तेव्हा तो कोपऱ्यात एक पेला धरून बसायचा आणि बघायचा. पेला तसाच भरलेला राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लोइस कामावर गेली की तो ते सगळं लिहून काढायचा, कोण काय म्हणालं, कोणाचा आवाज कुठे कापला, सगळं. आयनार आला की मात्र तो कोपरा रिकामा असायचा. आयनारला ना कविता यायची ना चित्र. तो भांडी घासायचा, अडकलेली खिडकी दुरुस्त करायचा, बंदरांवरच्या गमती सांगायचा. ते दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पोट धरून हसायचे.

रोज आपटून आपटून माझा चवडा झिजायचा. किल्ली जड आणि रस्ता दगडी. भोक पडायला लागलं की आयनार मला खिशात घालून बे रिजला न्यायचा आणि गुड्रूनबाई मला रफू करायच्या. घरात असेल त्या रंगाची लोकर त्या वापरायच्या, त्यामुळे माझा चवडा हळूहळू रंगीबेरंगी झाला. "माणसं जिना चढून येतात का नुसती खिडकीखाली ओरडतात?" असं त्या दर वेळी विचारायच्या आणि दर वेळी मला गरम इस्त्रीखाली धरायच्या. तसली ऊब मला पुन्हा मिळाली नाही.

अशा रीतीनं काही वर्षं गेली आणि वॉरनची पहिली कादंबरी छापून झाली. तिचं नाव 'खाली कोण आहे?' तुम्हांला सांगायला संकोच वाटतो, पण पहिल्याच पानावर मी होतो. 'चौथ्या मजल्यावरून एक करडा मोजा खाली येतो' असं पहिलंच वाक्य होतं. माझी छाती, असती तर, फुगली असती. वर्तमानपत्रांनी पुस्तकाचं खूप कौतुक केलं. घरच्या मंडळींना त्या पोरांचं काय चाललंय ते कळत नव्हतं, ते वॉरननं नेमकं टिपलं, असं लिहून आलं.

आमच्या खोलीत मात्र वेगळीच गंमत उडाली. वॉरननं सगळ्यांची नावं बदलली होती, त्यामुळे जो तो स्वतःला शोधत बसला आणि जो तो चुकीच्या माणसात सापडला. सिनेमात रडणारा भित्रा माणूस म्हणजे आपणच, असं समजून सॉल उखडला. खरं तर तो माणूस वॉरन स्वतः होता. रेनीला वाटलं, आपण ती गाणारी सुंदर बाई, म्हणून ती खूश. आणि तीन पानं बडबडणारी बाई दुसरीच कोणीतरी, असं तिनं ठरवून टाकलं. लोइस शेवया वाढता वाढता हसू दाबत होती.

आयनार कोणाशी बोलत नव्हता. तो महिनाभर बंदरावर सगळ्यांना सांगत हिंडला होता, की आपण पुस्तकात येणार आहोत, वॉरननं सगळं लिहिलंय. आता तो माझ्या खिळ्यापाशी उभा होता, हातात पुस्तक.

"आईनं पूर्ण वाचलं," तो वॉरनला म्हणाला. "इंग्रजी तिला जड जातं. ओळीवर बोट ठेवून ठेवून वाचलं. माझं पोर कुठे येतंय, म्हणून शेवटच्या पानापर्यंत गेली."

वॉरननं हातातला पेला खाली ठेवला.

"मोजा सापडला तिला. म्हणाली, हा मीच विणलेला. खूश झाली. मग म्हणाली, मोजा आहे आणि तू कसा नाहीस रे?" आयनार हसला, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. "काय सांगू मी तिला, लेका? पायातलं घेतलं आणि पाय ठेवला बाहेर?"

"आयनार, ऐक तरी," वॉरन म्हणाला, आणि पुढे त्याला शब्दच सुचेना. पानंच्या पानं लिहिणारा माणूस! मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं. कारण माझ्या खिळ्याखालीच त्याची कचऱ्याची टोपली होती. तिच्यात आयनारवर लिहिलेली पानं किती वेळा चुरगळून पडली, ते मी बघितलं होतं. वॉरन लिहायचा, स्वतःशी वाचायचा, मान हलवायचा आणि चुरगाळायचा.

आयनारनं पुस्तक खिडकीत ठेवलं आणि तो जिना उतरून गेला. माझा चवडा तेव्हा विरायला आला होता आणि त्या खेपेला तो मला रफूसाठी नेणार होता. त्यानं मला नेलं नाही.

मग काळ बदलत गेला, मित्रांनो. वर्तमानपत्रांनी आमच्या लोकांना नाना नावं ठेवली. शनिवारी बसगाड्या भरून लोक त्या भागात दाढ्या बघायला येऊ लागले. सॉल मास्तर झाला, रेनी लग्न करून दूर गेली. वॉरननं दुसरी कादंबरी लिहिली, 'भिंतीकडे तोंड'. पावाच्या कारखान्यात काम धरल्यावर आपली चित्रं भिंतीकडे वळवून ठेवणाऱ्या मुलीची ती गोष्ट होती. ती थोडी खपली. आयनारवरची पानं त्याही वेळी टोपलीत गेली.

याच सुमारास घरमालकानं विजेची घंटी बसवली. खाली कळ दाबली की वर घंटी वाजायची आणि वर बटण दाबलं की खालचं दार उघडायचं. माझी नोकरी एका दुपारीत गेली. माझ्यावर धूळ बसली, कसरीनं मला दोन-तीन ठिकाणी चाखून पाहिलं. लोइस एकदा मला काढायला आली.

"वॉरन, हे आता टाकू या. नाहीतर निदान बे रिजला नेऊन शिवून तरी आणते."

"नको. तिथेच राहू दे."

"अरे, घंटी आहे ना आता!"

"त्याला कुठे ठाऊक आहे? तो आला तर हाकच मारणार. आणि नेमका तेव्हाच हा जागेवर नसला तर?"

लोइसनं मला परत टांगलं. पण त्याच रविवारी ती एकटी बे रिजला जाऊन आली आणि आल्यावर तिनं वॉरनला सगळं सांगितलं. आयनार लांबच्या सफरीवर होता. बाईंनी वेलदोडा घातलेल्या पातळ गोड पोळ्या करून घातल्या, कॉफी दिली. "पोरी, त्याचा राग नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त एवढंच वाटतं, की तो त्या खोलीत होता की नव्हता?" हे ऐकून वॉरननं टाइपरायटरमध्ये कोरा कागद सरकवला.

तिसरी कादंबरी त्यातूनच आली. तिचं नाव 'घरची माणसं'. घर सोडून गेलेल्या पोरांवर सगळेच लिहीत होते, वॉरननं मागे राहिलेल्या आईबापांवर लिहिलं. पोस्टकार्डाची वाट बघणारे, पोराच्या दाढीची लाज वाटणारे, आणि तरी त्याच्यासाठी मोजे विणणारे. त्यात एक म्हातारी होती, ओळीवर बोट ठेवून पुस्तकात मुलाला शोधणारी. ते पुस्तक फारच थोड्यांनी वाचलं. लांब केसांची, गळ्यात मणी घातलेली नवी पोरं वॉरनला भेटायला यायची, घंटी दाबून यायची, त्यांनाही पहिलंच पुस्तक हवं असायचं. वॉरन त्यांना प्रेमानं कॉफी द्यायचा. "मोजा तो हाच का?" असं एखादी मुलगी विचारायची आणि भीत भीत मला बोट लावायची.

मग एका हिवाळी दुपारी, बर्फ पडून थांबलं होतं, वॉरन टाइपरायटरवर लिहीत होता, लोइस कणीक मळत होती, आणि खालून साद आली.

"ओऽऽ, चौथाऽऽ मजलाऽऽ!"

आवाज जाड झाला होता, पण तोच होता. वॉरनची खुर्ची उलटी पडली. तो आता तरुण नव्हता, पण धावला. त्यानं खिडकी वर ढकलली, "खाली कोण आहे?" असं तो ओरडला. त्यानं मला खिळ्यावरून ओढलं, कशीबशी किल्ली माझ्यात कोंबली. मी जीव तोडून सांगत होतो, अरे माझा चवडा बघ, माझ्यात जीव राहिलेला नाही! पण मोज्याचं कोण ऐकतं? त्यानं मला फेकलं.

दुसऱ्या मजल्यापाशी माझा चवडा फाटला. किल्ली निसटली आणि खळकन रस्त्याकडेच्या जाळीतून गटारात गेली. मी मात्र रिकामाच, हलकासा, तरंगत खाली आलो आणि आयनारनं मला झेललं. त्यानं माझ्या भोकातून बोट घातलं आणि वर बघितलं.

"मोजा मिळाला," तो ओरडला. "किल्ली कुठाय?"

खिडकीत वॉरन नव्हता. आतून लोइस ओरडत होती, "अरे, बटण दाब ना! वॉरन, बटण!" पण तो केव्हाच जिन्यात होता. इतकी वर्षं प्रत्येक हाकेला मी खाली गेलो होतो, मित्रांनो, आणि वॉरन वरून बघत होता. त्या दिवशी तो सपाता घालून चार मजले उतरला, दार उघडून बर्फात आला, आणि त्याच्यामागे दार धाडकन बंद झालं.

दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. आयनारचे केस पांढरे झाले होते. त्याच्या कोटाच्या खिशात 'घरची माणसं'ची प्रत होती.

"आई गेली," तो म्हणाला. "तिच्या उशाशी हे सापडलं. ती आहे यात."

"आहे."

"छान लिहिलंस. अगदी तीच आहे." त्यानं खिशातली प्रत चाचपली. "मी या वेळीही नाही."

"तिन्ही वेळा लिहिलं तुला," वॉरन धापा टाकत म्हणाला. "तिन्ही वेळा चुरगाळलं."

"का रे? इतका वाईट निघालो?"

"तसं नाही, येड्या. बाकीच्यांना मी कोपऱ्यात बसून बघत होतो. तू आलास की मी बघायचं विसरायचो. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो की मला काही म्हणता काही आठवायचं नाही. नुसतं बरं वाटलं होतं, एवढंच आठवायचं. त्याचं मी पुस्तक कसं करू?"

आयनार माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे आईला सांगायला हवं होतंस."

"हो," वॉरन म्हणाला. "हवं होतं. माझं चुकलं."

वरून लोइसचा आवाज आला. ती खिडकीत उभी होती, दोन्ही हात पिठानं भरलेले. "आता बटण दाबू का, की मीही तिकडेच येऊन गारठू?"

तेव्हा दोघं हसले, उंबऱ्यात बसून हसायचे तसे. त्या दुपारी आयनारनं स्वतः मला रफू केलं. बोटीवरच्या माणसांना सुई येतेच. लोइसकडे निळी लोकर होती, ती त्यानं वापरली. टाके आईइतके घट्ट नव्हते, पण मला चालले.

वॉरननं पुढे एकच पुस्तक लिहिलं, 'पायऱ्या'. ते छापून आल्यावर तो फार दिवस जगला नाही. पुस्तक आलं तेव्हा मी आयनारच्या सादेला पुन्हा उड्या मारून झिजलो होतो आणि रफूसाठी त्याच्याच खिशात होतो. तो ते घेऊन थेट दफनभूमीत गेला, आईच्या दगडापाशी उकिडवा बसला आणि त्यानं पहिलं पान उघडलं. पानावर अर्पणाची एकच ओळ होती. ओळीवर बोट ठेवून त्यानं ती मोठ्यानं वाचली.

"आयनारसाठी. तो या पुस्तकात नाही."

मग तो म्हणाला, "बघ आई, सापडलो. पहिल्याच पानावर."

मी आता लोइसच्या छोट्या बैठ्या घरात असतो, वॉरनच्या चार पुस्तकांशेजारी. इथे खिडकीतून किल्ली टाकायची गरज नाही, तरी आयनार आला की अंगणातून सादच घालतो आणि लोइस मला दारातून त्याच्या अंगावर भिरकावते. म्हणून, मित्रांनो, एवढं माझं ऐका. जुनी वस्तू झिजायला लागली की तिला वेळेवर टाका घाला, माझ्यासारखं फाटेपर्यंत थांबू नका. आणि आपलं माणूस खालून हाक मारत असेल, तर नुसती वरून किल्ली टाकू नका. जिना उतरून खाली जा.